पुण्यातले क्राफ्ट बीअर फेस्ट आणि बीअरची मेडल्स : तिकिटापासून टेस्टिंगपर्यंत सगळं

पुण्यात बीअर फेस्टला जाणाऱ्या बऱ्याच जणांना दुसऱ्या दिवशी विचारलं की काय प्यायलास, तर सांगता येत नाही. गर्दी आठवते, बँड आठवतो, पार्किंगची मारामारी आठवते, पण बीअर कोणाची होती, कुठली होती, का आवडली, सगळं ब्लँक. मला याचं खरंच वाईट वाटतं, कारण त्या स्टॉलमागे उभ्या असलेल्या माणसानं ती बीअर दोन-तीन आठवडे टँकमध्ये सांभाळलेली असते आणि आपण ती दोन घोटात संपवून पुढच्या लाईनीत उभे राहतो. आणि पुण्यात राहून असं करणं म्हणजे तर घरी आलेली गंगा सोडून देणं आहे. महाराष्ट्रातली पहिली मायक्रोब्रुअरी (म्हणजे छोट्या प्रमाणात बीअर बनवणारी जागा), डूलाली, २००९ साली इथेच कोरिन्थियन्स क्लबात सुरू झाली. मग मुंढव्यात इंडिपेंडन्स आली, कोरेगाव पार्कात एफिंगट आली, ग्रेट स्टेट एलवर्क्सनं मीठ घातलेली कोकमाची एल (बीअरचा एक मोठा प्रकार) काढली, बंगळूरचं टॉइट कल्याणीनगरला आलं, आणि बीअर नाही पण मधापासून बनणारी मीड करणारी मूनशाईन मीडरी पण पुण्याचीच. एवढं सगळं तासाभराच्या अंतरात असताना नीट चाखायला शिकलंच पाहिजे असं माझं स्पष्ट मत आहे.

आधी ठरवा, जायचं कशाला

सगळे इव्हेंट सारखे नसतात. मोठा मैदानावरचा फेस्ट म्हणजे म्युझिक, फूड स्टॉल, बीअरचे पंधरा-वीस नळ आणि भरपूर लोक, हे बहुतेक पावसाळा संपल्यावर थंडीत होतात. दुसरा प्रकार टॅप टेकओव्हर, म्हणजे एखाद्या पबमध्ये एका संध्याकाळी एकाच ब्रुअरीच्या चार-सहा बीअर लागतात आणि बऱ्याचदा ब्रुअर स्वतः तिथे असतो. तिसरा म्हणजे ब्रुअरीचं स्वतःचं टेस्टिंग सेशन किंवा टूर, जिथे टँक दाखवतात, माल्टचे (मोड आणून वाळवलेल्या धान्याचे) दाणे हातात देतात, चावून बघायला लावतात. आणि मग वर्षाचे ठरलेले दिवस आहेतच: ऑगस्टचा पहिला शुक्रवार इंटरनॅशनल बीअर डे, नोव्हेंबरचा पहिला गुरुवार स्टाऊट डे (स्टाऊट म्हणजे काळी, भाजक्या चवीची बीअर), आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात सगळीकडे ऑक्टोबरफेस्टच्या पाट्या. मूळ ऑक्टोबरफेस्ट म्युनिकचा, १८१० साली तिथल्या युवराजाच्या लग्नापासून सुरू झालेला, आणि तिथे फक्त म्युनिक शहरातल्याच सहा मोठ्या ब्रुअरींची बीअर देतात. आपल्याकडे त्या नावाखाली काहीही चालतं, म्हणून पोस्टर बघून भुलू नका, मेनूवर मार्झेन किंवा फेस्टबीअर, म्हणजे खास ऑक्टोबरफेस्टची बीअर, आहे का ते बघा. असेल तर जा, कारण ती एरवी सहज मिळत नाही.

नवीन असाल तर माझा सल्ला, पहिल्यांदा मोठ्या फेस्टला जाऊच नका. मंगळवार-बुधवारचा टॅप टेकओव्हर धरा. गर्दी नसते, बारवरचा माणूस दोन मिनिटं बोलतो, आणि चार बीअर शांतपणे शेजारी शेजारी ठेवून बघता येतात. फेस्टची मजा त्यानंतर दुप्पट होते.

जायच्या आधीची तयारी

तारीख पक्की करायच्या आधी ड्राय डे बघा. २६ जानेवारी, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर सगळ्यांना माहीत असतात, पण आषाढी एकादशी, अनंत चतुर्दशी लोक विसरतात, आणि निवडणूक असेल तर मतदान संपेपर्यंतचे ४८ तास बंद. गणपतीत पुण्यात जिल्हाधिकाऱ्यांचा आदेश दरवर्षी वेगळा निघतो, तो बघितल्याशिवाय बाहेरगावच्या मित्रांना बोलवू नका.

वयाचं प्रूफ ओरिजिनल ठेवा. महाराष्ट्रात माइल्ड बीअर आणि वाईनला २१ आणि बाकीच्याला २५ वर्षं अशी अट आहे, आणि माइल्ड म्हणजे ५ टक्के अल्कोहोलपर्यंत, त्यामुळे बावीस-तेवीसच्या पोरांनी स्ट्राँग बीअर मिळाली नाही म्हणून काउंटरवर वाद घालू नये, तो माणूस नियमच पाळतोय. पिण्याचं परमिट लागतं हेही बऱ्याच जणांना माहीत नसतं. एक दिवसाचं ५ रुपये, वर्षाचं १०० आणि आजीवन १००० रुपये, एकदा आजीवन काढून टाका, विषय संपला.

तिकीट काढताना एवढंच बघा की पैसे रिडीम होतात का, म्हणजे हजाराचं तिकीट काढलं तर त्यातलं किती पिण्या-खाण्यावर वापरता येतं, आणि रिस्टबँडवर टाकलेले उरलेले पैसे परत मिळतात का. बऱ्याच ठिकाणी रिफंडला तासभराची खिडकी असते आणि ती शेवटी शेवटी असते, तेव्हा सगळेच तिथे असतात. बिल बघताना गोंधळू नका, बीअरवर व्हॅट लागतो आणि खाण्यावर जीएसटी, दोन वेगळ्या ओळी असणारच.

जेवून जा. पोटभर आणि साधं, वरणभात-भाजी-पोळी असं. मिसळ किंवा तिखट रस्सा खाऊन गेलात तर जीभ आधीच पेटलेली, वर बीअरमधला गॅस आणि हॉप्सचा (बीअरला कडूपणा देणाऱ्या फुलांचा) कडूपणा तो तिखटपणा अजून वाढवतो, मग तासभर काही कळत नाही. परफ्यूम, डिओ मारून जाऊ नका, निम्मी बीअर नाकानं कळते आणि तुमच्या शेजारच्याचंही नाक आहे.

आणि गाडी घरी. यावर मी अजिबात ऐकून घेत नाही. कायद्यात मर्यादा १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅम आहे, पहिल्यांदा सापडलात तर १० हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, पण दंडाचं सोडा, रस्त्यावर दुसरे लोक असतात. वनाज ते रामवाडी मेट्रो आता कल्याणीनगरवरून जाते, म्हणजे कोथरूड-डेक्कनकडच्या लोकांना त्या पट्ट्यातल्या ब्रुअरींना जायला गाडीची गरजच उरली नाही, फक्त परतीची शेवटची मेट्रो कितीची ते जातानाच बघून ठेवा. मुंढवा, खराडी, बाणेरला कॅब. चौघांत कॅब केली की पार्किंगपेक्षा स्वस्त पडते.

पोचल्यावर पहिली पंधरा मिनिटं काहीही घेऊ नका

खरंच. दार उघडल्या उघडल्या लोक पहिल्या दिसेल त्या स्टॉलला चिकटतात. तुम्ही एक पूर्ण फेरी मारा, सगळे बोर्ड वाचा, फोनमध्ये फोटो काढा आणि एका कोपऱ्यात उभं राहून आपली लिस्ट करा. बोर्डवर तीन गोष्टी असतात: स्टाईल, एबीव्ही म्हणजे अल्कोहोलचे टक्के, आणि आयबीयू म्हणजे कडूपणाचा आकडा. लिस्ट अशी लावा की हलकी आधी, जड नंतर. कमी कडू आधी, जास्त कडू नंतर. पिल्सनर, ब्लाँड (दोन्ही हलक्या, फिकट), व्हीट (गव्हाची), मग फ्रूट आणि सावर (आंबट), मग आयपीए (हॉप्स जास्त, कडू), मग पोर्टर-स्टाऊट (काळ्या) आणि सगळ्यात शेवटी ७-८ टक्केवाली जी काही असेल ती. उलटं केलंत, डबल आयपीएनं सुरुवात केलीत तर नंतरची बिचारी पिल्सनर पाण्यासारखी लागते, आणि मग लोक म्हणतात त्या ब्रुअरीची बीअर पातळ आहे.

वेळेचं पण गणित आहे. ओपन एअर इव्हेंटला रात्री १० ला स्पीकर बंद होतो, त्यामुळे आठनंतर सगळीकडे झुंबड असते. चार-साडेचारला पोचा. केग (बीअरचे पिंप) ताजे लागलेले असतात, ग्लास स्वच्छ असतात, स्टॉलवरची मंडळी फ्रेश असतात.

आता किती प्यायची. सॅम्पल छोटं वाटतं म्हणून हिशोब सुटतो. १०० मिलीची आठ सॅम्पल म्हणजे ८०० मिली, म्हणजे एका मोठ्या ६५० च्या बाटलीपेक्षा जास्त. ५ टक्क्यांनं धरलं तर त्यात ४० मिली शुद्ध अल्कोहोल आहे आणि व्हिस्कीच्या एका स्मॉल पेगमध्ये साधारण १३ मिली असतं, म्हणजे तुम्ही तीन पेग घेतलेत. म्हणून मी सहा-सात सॅम्पलच्या पुढे चाखत नाही, त्यापुढे तसंही जीभ काही सांगत नाही. दर सॅम्पलनंतर अर्धा ग्लास पाणी आणि साध्या पावाचा तुकडा किंवा खारी. मसाला शेंगदाणे टेबलावर आले तर बाजूला सरकवा, नंतर खा.

चाखायची रीत

हे सगळ्यात महत्त्वाचं, म्हणून इथे जरा थांबू या. समजा हातात हेफेवायझन आहे, म्हणजे जर्मन गव्हाची बीअर, पुण्यातल्या बहुतेक ब्रुपबमध्ये (जिथली बीअर तिथेच बनते अशा पबमध्ये) मिळते. आधी नुसती बघा. गढूळ पिवळसर, आणि वर दोन बोटं पांढरा फेस. गढूळ आहे म्हणजे खराब नाही, हेफेमध्ये यीस्ट आणि गव्हाचं प्रोटीन तरंगतंच, पण हाच गढूळपणा पिल्सनरमध्ये दिसला तर भुवया वर गेल्या पाहिजेत. ग्लासच्या आतल्या बाजूला बुडबुडे चिकटून बसलेत का बघा. चिकटलेत म्हणजे ग्लासला तेलकटपणा किंवा साबण राहिलाय, मग शांतपणे दुसरा ग्लास मागा, फेस टिकत नाही तो त्यामुळेच.

मग वास, आणि तो प्यायच्या आधी. ग्लास हलकासा गोल फिरवा आणि दोन-तीन छोटे श्वास घ्या, एक लांब नाही. हेफेमध्ये पिकलेल्या केळ्याचा आणि लवंगेचा वास आला पाहिजे. कोणी केळं घातलेलं नसतं आणि लवंग पण नसते, तो वास यीस्ट तयार करतं, आणि टँकचं तापमान जरा वर ठेवलं की साधारणपणे केळं पुढे येतं, खाली ठेवलं की लवंग. हे कळल्यावर पहिल्यांदा मी दोन वेगवेगळ्या ब्रुअरींच्या हेफे शेजारी ठेवून वास घेतले आणि एकीत चक्क वेलची केळ्याचं साल सोलल्याचा वास आणि दुसरीत मसाल्याच्या डब्याचं झाकण उघडल्यासारखा. त्या दिवसापासून माझं बीअरचं वेड सुरू झालं म्हणायला हरकत नाही.

पहिला घोट तोंडभर घ्या, जिभेच्या सगळ्या बाजूंना लागू द्या, आणि गिळल्यावर नाकानं श्वास सोडा. आधी गोडवा कळतो, मग आंबटपणा, कडूपणा शेवटी येतो आणि थांबतो. तो किती वेळ थांबतो, छान सुकत जातो की घशात चिकटून बसतो, हे लिहा. आणि फार थंड प्यायची घाई नको. गोठवलेल्या ग्लासात कुठलीच बीअर उघडत नाही. लागर (पिल्सनर त्यातलीच) ४ ते ७ डिग्रीला ठीक, पण एल आणि स्टाऊट ८-१२ ला बोलायला लागतात, म्हणून स्टाऊट हातात पाच मिनिटं धरून ठेवा आणि परत वास घ्या, आधी नुसता जळका वाटत होता त्यात आता कॉफी, कोको निघायला लागतो. त्यासोबत श्रूजबरी बिस्किट खाऊन बघा, पुण्यात राहून हे नाही केलं तर काय केलं.

नोट्स फोनमध्ये तीन ओळींच्या लिहा, जास्त नको: वास कसा, चव कशी, परत घेईन का. "मस्त", "भारी" असं लिहू नका, महिन्याभरानं वाचल्यावर त्यातून काहीच कळत नाही. "भिजवलेल्या धन्याचा वास, शेवट कोरडा, संत्र्याची साल" असं लिहिलं की ती विटबीअर (धने आणि संत्र्याची साल घातलेली बेल्जियन गव्हाची बीअर) परत जिभेवर येते.

बिघडलेली बीअर ओळखायला शिका

मायक्रोब्रुअरीची बीअर सहसा पाश्चराइज केलेली नसते, जिवंत असते, म्हणून ताजी असताना अप्रतिम आणि हयगय झाली की लगेच बिघडते. लोण्यासारखा, पॉपकॉर्नच्या बटरचा वास आला तर तो डायअॅसिटिल नावाच्या घटकाचा, बऱ्याचदा घाईत टँकमधून काढलेली असते किंवा नळाची लाईन घाण असते. उकडलेल्या मक्याच्या कणसाचा वास म्हणजे डीएमएस, गंधक असलेला एक घटक. हिरव्या सफरचंदाचा, कच्चा वास म्हणजे बीअर अजून कोवळी आहे. ओल्या पुठ्ठ्याची चव म्हणजे हवा लागून शिळी झाली. व्हिनेगरसारखी झोंबली आणि बोर्डवर सावर लिहिलेलं नसेल, तर लाईन साफ नाही. यातलं काही जाणवलं तर स्टॉलवर आरडाओरडा करू नका, हळूच सांगा, चांगली ब्रुअरी तो केग स्वतः चाखते आणि काढते. एका इव्हेंटला असं सांगितल्यावर तिथल्या ताईंनी स्वतः वास घेतला, काही न बोलता नळावर "बंद" लिहिलं आणि मला दुसरी ओतून दिली. अशा ब्रुअरीकडे मी आपोआप परत परत जातो.

ब्रुअरशी बोला

हे फेस्टचं खरं सोनं आहे. "बेस्ट कुठली" असं विचारलं की तो सगळ्यात जास्त खपणारी सांगणार. त्याऐवजी विचारा, "दादा, हा केग कधी लावला?", "यात हॉप्स कुठले घातलेत?", "तुम्ही स्वतः घरी जाताना यातली कुठली न्याल?" तिसऱ्या प्रश्नाला माणूस हसतो आणि खरं उत्तर देतो, आणि ते उत्तर निम्म्या वेळा साधी पिल्सनर असतं, कारण पिल्सनरमध्ये काही लपवता येत नाही, आणि ब्रुअरला त्याचीच किंमत असते. फळाची बीअर असेल तर फळ कधी घातलं, गर की सिरप, हे विचारा. आंब्याची बीअर एप्रिल-मेमध्ये, जांभळाची जूनच्या आसपास, स्ट्रॉबेरीची थंडीत, हे सीझन जमले तर गर असण्याची शक्यता जास्त. मागे दहा लोक उभे असतील तर मात्र एकच प्रश्न विचारा आणि बाजूला व्हा.

आता मेडल

पबच्या भिंतीवर, कॅनवर, मेनूत मेडलचं चित्र असतं आणि लोकांना वाटतं ही जगातली सगळ्यात चविष्ट बीअर. मेडलचा अर्थ तसा नाहीये. अमेरिकेतल्या ब्रुअर्स असोसिएशनचा वर्ल्ड बीअर कप घ्या, १९९६ पासून चालतो, आधी दोन वर्षांनी व्हायचा, २०२२ पासून दरवर्षी होतो. त्यात शंभराच्या वर कॅटेगरी असतात आणि परीक्षकांसमोर नुसते नंबर लिहिलेले ग्लास येतात, ब्रुअरीचं नाव नाही. ते बघतात की ही बीअर तिच्या स्टाईलच्या व्याख्येत किती चपखल बसते आणि किती निर्दोष आहे. कुठलीच त्या लायकीची नसेल तर गोल्ड देतच नाहीत. म्हणजे तुमची आवडती आंबा-मिरचीवाली बीअर "अमेरिकन व्हीट" म्हणून पाठवली तर कितीही छान असली तरी बाहेर. चुकीच्या रागात गायलेली सुंदर बंदिश जशी स्पर्धेत बाद होते, तसंच.

म्हणून मेडल दिसलं की विचारायचं: कुठली स्पर्धा, कुठलं वर्ष, कुठली कॅटेगरी. ब्रिटनच्या वर्ल्ड बीअर अवॉर्ड्समध्ये, जे २००७ पासून आहेत, आधी देशपातळीवर विजेते ठरतात आणि मग जगात, त्यामुळे "कंट्री विनर" आणि "वर्ल्ड्स बेस्ट" यात खूप फरक आहे, त्या कॅटेगरीत आपल्या देशातून एंट्र्या किती आल्या होत्या हेही महत्त्वाचं. वर्ष यासाठी की चार वर्षांपूर्वीचं मेडल त्या वेळच्या बॅचला होतं, आजच्या केगला नाही, मधे ब्रुअर बदललेला असू शकतो. आणि मेडल नसणं म्हणजे कमी दर्जा असं तर मुळीच नाही. एंट्रीला फी लागते, पाश्चराइज न केलेली बीअर थंड ठेवत सातासमुद्रापार न्यावी लागते, आणि आपल्या छोट्या ब्रुपबवाल्यांची बीअर तर नळावरच संपते. पुण्यात मला आवडलेल्या कित्येक बीअर कुठल्याच स्पर्धेत कधी गेल्या नसतील.

फेस्टमधलं पीपल्स चॉइस हा वेगळाच प्रकार. तिथे क्यूआर स्कॅन करून किंवा टोकन टाकून मत देतात, आणि बहुतेक वेळा गोड, फळांची, जोरदार बीअर जिंकते, कारण गर्दीत दहाव्या घोटाला तेवढीच लक्षात राहते. तरी मत द्या, पण चाखून संपल्या संपल्या आपल्या नोट्स बघून द्या, रात्री नऊला मित्र सांगतो म्हणून नको.

घरी स्वतःचं ज्युरी पॅनल बसवा

फेस्टमध्ये शिकलेलं पक्कं करायचं तर हा सगळ्यात चांगला उपाय. चार-पाच जण जमवा, एकाच स्टाईलच्या चार बीअर आणा, समजा चार वेगवेगळ्या विटबीअर. एकानं स्वयंपाकघरात ओतायच्या, ग्लासखाली १ ते ४ च्या चिठ्ठ्या, बाकीच्यांना नावं माहीत नाहीत. काचेचे सारखे ग्लास हवेत, स्टीलचे नकोत, रंग दिसला पाहिजे. मार्क द्यायला बीजेसीपीची पद्धत वापरा, बीअर परीक्षक तयार करणारी ही अमेरिकन संस्था १९८५ पासून आहे आणि तिचा कागद ५० मार्कांचा असतो: वासाला १२, दिसण्याला ३, चवीला २०, तोंडातल्या जाणिवेला ५, एकंदरीला १०. दिसण्याला फक्त ३ आहेत हे लक्षात घ्या, आपण सगळे रंगालाच भुलतो. ३० च्या वर आली तर खूप चांगली, ४५ च्या वर म्हणजे दुर्मीळ, उठसूट ४८ देऊ नका.

प्रत्येकानं आधी गुपचूप लिहायचं आणि मगच बोलायचं, हा नियम मोडू देऊ नका, कारण ग्रुपमधला एक जण जोरात "दोन नंबर भारी" म्हणाला की बाकीच्यांची जीभ तिकडेच वळते. आमच्याकडे मित्राची आई एकदा ओतायला होत्या, त्या पीत नाहीत, पण वास घेऊन म्हणाल्या, "तीन नंबरला धने जास्त पडलेत रे." चिठ्ठ्या उघडल्या तेव्हा तीन नंबरच्या लेबलवर धने सगळ्यात पुढे लिहिलेले होते. स्वयंपाक करणाऱ्यांची नाकं या कामात फार तरबेज असतात, त्यांना पॅनलवर जरूर घ्या, न पिता नुसत्या वासाचे मार्क द्यायला.

ब्रुपबमधून ग्राउलर (बीअर घरी न्यायची मोठी बाटली) भरून आणणार असाल तर उभा ठेवा, फ्रीजमध्ये ठेवा आणि त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी संपवा. मार्कांचे कागद झाले की त्यांचे फोटो त्या त्या ब्रुअरीला पाठवा, कौतुकाचे पण आणि तक्रारीचे पण. उत्तर येतं. आणि पुढच्या फेस्टला तो ब्रुअर भेटला की स्वतःहून विचारतो की मागच्या वेळी चव शेवटी चिकटते म्हणाला होतात ना, आता ही नवीन बॅच बघा.